पाकिटावरचे आकडे आणि मांजराचे हृदय

मांजराच्या कोरड्या खाद्याच्या पाकिटामागे एक लहानशी चौकट छापलेली असते. क्रूड प्रोटीन किमान इतके टक्के, स्निग्ध पदार्थ किमान इतके, तंतू कमाल इतके, ओलावा कमाल इतका. भारतातील शहरांत मांजरे पाळणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि दूध-भातावर वाढणाऱ्या मांजरांच्या ताटलीत आता हे कोरडे दाणे पडू लागले आहेत. दुकानात उभा असलेला माणूस दोन पाकिटे शेजारी धरतो, प्रथिनांचा आकडा पाहतो आणि मोठा आकडा असलेले पाकीट उचलतो. निवड शास्त्रीय झाली असे त्याला वाटते. या चौकटीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. त्या चौकटीत जे मोजले जात नव्हते, त्यामुळे एके काळी हजारो मांजरे आंधळी झाली आणि मेली. आणि जे मोजले जात होते, त्याच्याच आडून पुढे विष खाद्यात शिरले. प्रौढ मांजराच्या कोरड्या खाद्याची पौष्टिकता कशी ठरवावी, या प्रश्नाचे आजचे उत्तर या अपघातांतूनच घडत गेले आहे.

चौकटीचा जन्म मांजरासाठी झालाच नव्हता. १८६० च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे येथील संशोधन केंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी गुराढोरांच्या वैरणीचे पृथक्करण करण्याची एक पद्धत बसवली. नमुना वाळवून ओलावा काढायचा, इथरने स्निग्धांश वेगळा करायचा, आम्ल आणि अल्कलीत उकळून उरलेल्यास तंतू म्हणायचे, जाळून उरलेल्यास राख म्हणायचे. प्रथिने थेट मोजली जात नसत. नायट्रोजन मोजला जाई. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने नायट्रोजन मोजण्याची सुटसुटीत रीत शोधली आणि ती जगभर रूढ झाली. प्रथिनांत सरासरी सोळा टक्के नायट्रोजन असतो, म्हणून सापडलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचे आणि त्या गुणाकारास ‘क्रूड प्रोटीन’ म्हणायचे. ‘क्रूड’ या शब्दातच कबुली होती की हा अंदाज आहे. गवत, पेंड आणि धान्य यांच्यापुरता तो अंदाज बरा होता. दीडशे वर्षांनंतरही पाकिटामागची चौकट मूळ स्वरूपात तीच आहे.

तयार खाद्याचा धंदाही त्याच सुमारास सुरू झाला. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये मांजरांसाठी घोड्याचे मांस काडीला टोचून दारोदार विकणारे फेरीवाले असत. म्हणजे शहरी मांजर तेव्हाही विकतचे खाई, पण ते मांसच असे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी गृहस्थाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी धान्य, भाज्या आणि मांस यांच्या भाजलेल्या वड्या विकायला काढल्या. पाळीव प्राण्याचे अन्न पिठात मळून, भाजून, महिनोन्‌महिने टिकवता येते ही कल्पना तिथून रुजली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत डबाबंद खाद्याने बाजार काबीज केला. परंतु दुसऱ्या महायुद्धात कथिलाच्या टंचाईमुळे डब्यांवर नियंत्रण आले आणि कोरड्या खाद्याला पुन्हा वाव मिळाला.

आजचा दाणा त्यानंतरचा. न्याहारीच्या फुगीर धान्यासाठी वापरले जाणारे एक्स्ट्रूडर नावाचे यंत्र अमेरिकी कंपनीने कुत्र्याच्या खाद्यासाठी वापरले आणि १९५७ पासून ते खाद्य देशभर विकले जाऊ लागले. मांजराचे कोरडे खाद्य पुढच्या दशकात आले. यंत्राचे तत्त्व चकलीच्या सोऱ्यासारखे आहे. फरक इतकाच की सोऱ्यात उष्णता आणि प्रचंड दाब असतो. धान्याचे पीठ, मांस-चूर्ण, पाणी आणि वाफ यांचे मिश्रण फिरत्या मळसूत्रातून पुढे रेटले जाते, स्टार्च शिजतो, आणि छिद्रातून बाहेर पडताना दाब एकदम उतरल्याने दाणा फुगतो. मग तो कापतात, वाळवतात आणि त्यावर चरबीचा व प्राणिज प्रथिनांच्या रसाचा लेप देतात. हे यंत्र चालण्यासाठी मिश्रणात स्टार्च लागतो. उंदीर-पाखरे खाऊन जगणाऱ्या, धान्याला तोंडही न लावणाऱ्या प्राण्याच्या अन्नात तृणधान्य किंवा कंद येण्यामागे त्या प्राण्याच्या गरजेपेक्षा यंत्राची गरज आणि पिठाची स्वस्ताई अधिक होती.

दाण्यावरचा तो लेपही लक्षात घेण्याजोगा आहे. मांजराला गोड चव कळत नाही. त्या चवीच्या ग्राहकातील एका घटकाचे जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, असे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी दाखवले. मांसातील अमिनो आम्ले, चरबी, काही फॉस्फेट क्षार मात्र त्याला भुरळ घालतात. लेप त्यांचाच असतो. म्हणून मांजर एखादे खाद्य आवडीने खाते यावरून लेप चांगला जमला एवढेच सिद्ध होते. आतल्या दाण्याची पौष्टिकता त्यातून कळत नाही.

मांजर हा लहान आकाराचा कुत्रा नव्हे, हे विधान आज पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्गात शिकवले जाते. ते कळायला १९७० चे दशक उजाडावे लागले. प्रयोगशाळांत दुधातील केसिन हे एकमेव प्रथिन असलेला आहार दिलेल्या मांजरांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग हळूहळू क्षीण होत असल्याचे दिसले होते. पाकिटाच्या भाषेत या आहारात काहीच उणे नव्हते. प्रथिने भरपूर होती. १९७५ साली बोस्टन येथील हेस, कॅरी आणि श्मिट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात कारण मांडले. या मांजरांच्या शरीरात टॉरिन संपत आले होते. अशाच प्रकारचा दृष्टिनाश घरगुती मांजरांतही आढळला. ज्यांना वर्षानुवर्षे कुत्र्याचे खाद्य दिले जात होते अशा मांजरांत तो आढळल्याचे १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

टॉरिन हे रसायन नवे नव्हते. १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून ते वेगळे केले होते; वृषभवाचक लॅटिन शब्दावरूनच त्याचे नाव पडले. पण जवळजवळ दीड शतक ते आहारशास्त्राच्या कडेला पडून राहिले, कारण ते प्रथिनांच्या साखळीत बसत नाही. पेशींत मोकळे असते. कुत्रा आणि बहुतेक सस्तन प्राणी गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून ते स्वतः बनवतात. मांजराच्या यकृतात ही घडण फार मंद असते. शिवाय पित्ताम्ले बांधण्यासाठी इतर प्राणी टॉरिन कमी पडल्यास ग्लायसिन वापरतात; मांजराला ती मुभा नाही. त्यामुळे ते रोज थोडे टॉरिन पित्तावाटे आतड्यात सोडते आणि काही अंशी कायमचे गमावते. उंदराच्या मांसात टॉरिन भरपूर असते, म्हणून उत्क्रांतीत या उधळपट्टीची किंमत कधी मोजावी लागली नाही. वनस्पतिजन्य पदार्थांत ते जवळजवळ नसते आणि गाई-म्हशीच्या दुधात अत्यल्प असते. आपल्याकडे चालत आलेला दूध-भाताचा आहार मांजराला बहुधा तारून नेत असे, कारण घराबाहेरची शिकार त्या ताटलीतील उणीव भरून काढी. चौथ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेतील मांजराला ती सोय उरलेली नाही.

त्याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी मांजराच्या आहारगरजा एकेक करून तपासण्यास घेतल्या. १९७८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही चकित करतो. रात्रभर उपाशी असलेल्या मांजरांना आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेला आहार दिला. एका जेवणानंतर काही तासांतच त्यांच्या रक्तात अमोनिया साचला आणि विषबाधेची लक्षणे दिसू लागली. प्रथिनांचे विघटन करणारी मांजराच्या यकृतातील यंत्रणा कायम उघडी असते; ती आवरता येत नाही, आणि तिच्यातून निघणारा अमोनिया युरियात बदलण्यासाठी आर्जिनिन लागते. एका पोषकाच्या अभावाने एका जेवणात एवढी हानी व्हावी, अशी उदाहरणे आहारशास्त्रात फार थोडी आहेत. इतर वैशिष्ट्येही पुढे आली. गाजरातील कॅरोटिनपासून मांजर जीवनसत्त्व ‘अ’ बनवू शकत नाही. वनस्पती तेलांपासून ॲराकिडोनिक आम्ल पुरेसे बनवू शकत नाही. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन त्याला मिळत नाही, आणि उन्हात बसून ‘ड’ जीवनसत्त्वही नाही. या सर्व गोष्टी आयत्या मिळण्याची त्याच्या शरीराला सवय आहे, कारण त्या भक्ष्यात तयार असतात. वेंडेच्या चौकटीत यांपैकी एकाही गोष्टीसाठी रकाना नव्हता.

इतके कळल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मांजरांच्या आहारगरजांच्या शिफारशी काढल्या. १९८६ च्या आवृत्तीत टॉरिनचे किमान प्रमाणही होते. उत्पादकांनी ते पाळले आणि पाकिटांवर ‘संपूर्ण व संतुलित’ असे शब्द झळकले. मांजरे मात्र मरत राहिली. हृदयाचा स्नायू पातळ होऊन पसरतो, आकुंचनाची ताकद जाते, फुप्फुसांत पाणी साठते. हा विकार तेव्हा मांजरांत सर्रास आढळे, दरवर्षी हजारो मांजरे त्याने दगावत, आणि निदान झाल्यावर बहुधा काही दिवस वा आठवडेच उरत. त्याचे कारण अज्ञात मानले जाई.

१४ ऑगस्ट १९८७ च्या ‘सायन्स’मध्ये पॉल पायन, मार्क किटलसन, रॉजर्स आणि मॉरिस यांचा निबंध आला. बाजारातील खाद्यावर वाढलेल्या, हृदय निकामी होत चाललेल्या २१ मांजरांच्या रक्तरसात टॉरिन कमी असल्याचे त्यांनी नोंदवले. त्याच निबंधात प्रयोगशाळेतील पुरावाही होता. टॉरिन जेमतेम असलेला शुद्ध आहार चार वर्षे घेतलेल्या ११ मांजरांपैकी दोघांत तेच चित्र दिसले. मग या मांजरांना तोंडावाटे टॉरिन देण्यात आले. रक्तातील पातळी वर गेली आणि इकोकार्डिओग्राफीच्या पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे काम पूर्ववत होताना दिसले. असाध्य समजला गेलेला विकार एका स्वस्त पांढऱ्या भुकटीने उलटला होता. उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि पुढील काही वर्षांत हा आजार दवाखान्यांत दुर्मीळ झाला.

या यशाच्या पोटात एक अस्वस्थ करणारा प्रश्न होता. ज्या खाद्यांनी हा रोग झाला, त्यांतील अनेक त्या काळच्या शिफारशींत बसणारी होती. मग शिफारस चुकली कुठे? ती प्रयोगशाळेतील शुद्ध आहारावरून काढलेली होती, आणि शुद्ध आहारातील टॉरिन मांजराला जवळजवळ सगळे मिळते. कारखान्यात शिजवलेल्या खाद्याची गोष्ट वेगळी. डब्यातील खाद्य दीर्घकाळ उच्च तापमानात ठेवले की प्रथिने आणि शर्करा यांच्यातील अभिक्रियांतून असे पदार्थ तयार होतात की त्यांवर आतड्यातील जीवाणू पोसले जातात, आणि ते जीवाणू टॉरिन फस्त करतात. खाद्यात टॉरिन असते, पण मांजराच्या रक्तात पोचत नाही. डेव्हिसच्या गटाने पुढील काही वर्षांत हे दाखवून दिले. म्हणूनच आजच्या अमेरिकी निकषांत शुष्कांशाच्या हिशेबाने कोरड्या दाण्यात किमान ०.१० टक्का टॉरिन लागते, तर डबाबंद खाद्यात ०.२० टक्का. एकाच प्राण्याला, एकाच पोषकासाठी दोन आकडे. अन्नात काय आहे आणि शरीराला काय मिळते यांतील अंतर या दोन आकड्यांत प्रथमच अधिकृतपणे लिहिले गेले.

हे निकष अमेरिकन पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे, म्हणजे ‘आफको’चे. मांजरांसाठीचा त्यांचा स्वतंत्र तक्ता १९९२ मध्ये आला. शुद्ध आहारावरील किमान आकड्यांऐवजी बाजारातील कच्च्या मालाचा विचार करून वाढीव आकडे त्यात घातले गेले. प्रौढ मांजरासाठी शुष्कांशात किमान २६ टक्के प्रथिने आणि ९ टक्के स्निग्धांश ही आजची मर्यादा त्याच परंपरेतील. याच संघटनेने दुसरा मार्गही ठेवला आहे: प्रत्यक्ष खाऊ घालून केलेली चाचणी. प्रौढ मांजरांसाठी किमान आठ मांजरे, २६ आठवडे तेच एक खाद्य, नंतर वजन, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि रक्तातील टॉरिन यांची तपासणी. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हा पुरावा अधिक सजीव आहे. पण आठ मांजरांवर सहा महिने केलेल्या चाचणीत वर्षानुवर्षांनी उमटणारा दोष दिसेलच असे नाही. शुद्ध आहारावरच्या ११ मांजरांपैकी दोघांचे हृदय दुर्बल झाल्याचे दिसायला चार वर्षे लागली होती. ‘आफको’ कोणत्याही खाद्याला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे; ती केवळ नमुना नियम बनवते.

कोरड्या खाद्याच्या बाबतीत आणखी एक धडा मूत्रमार्गाने दिला. घरमांजराचा पूर्वज निकटपूर्वेतील वाळवंटी रानमांजर. त्याची तहान मंद असते, कारण भक्ष्याच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. कोरड्या दाण्यात ते दहा टक्क्यांच्या आसपास. वाटीतले पाणी पिऊन ही तूट मांजर पूर्णपणे भरून काढत नाही. लघवी दाट होते. १९७० आणि ८० च्या दशकांत स्ट्रुव्हाइट या मॅग्नेशियमयुक्त क्षाराचे खडे होऊन मूत्रमार्ग तुंबण्याचे प्रकार गाजले. आधी दोष राखेवर गेला आणि ‘कमी राख’ ही जाहिरातीची ओळ झाली. नंतर मॅग्नेशियम आणि लघवीची अल्कता ही खरी कारणे ठरली. खाद्यात मॅग्नेशियम घटवले गेले, लघवी आम्ल होईल असे घटक घातले गेले, आणि स्ट्रुव्हाइटचे प्रमाण उतरले. पण त्यानंतरच्या वर्षांत आम्ल लघवीत न विरघळणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचे प्रमाण वाढत गेले. आम्लधर्मी आणि पोटॅशियम कमी असलेल्या काही आहारांवर मांजरांचे स्नायू दुर्बल झाल्याचेही १९८० च्या दशकात नोंदवले गेले. एक आकडा सुधारला की दुसरा बिघडतो. पौष्टिकता हा घटकांचा तोल असतो, आणि सुट्या घटकांच्या यादीतून तोल दिसत नाही.

यानंतरचा अपघात चौकटीच्या मुळावरच घाव घालणारा होता. मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मांजरे आणि कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. एका मोठ्या उत्पादकाने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवली. मागोमाग इतर कंपन्यांची खाद्येही परत घेतली गेली, त्यांत मांजराचे कोरडे खाद्यही होते. तपास चीनमधून आलेल्या ‘गव्हाच्या ग्लुटेन’पाशी पोचला. त्यात मेलामाइन मिसळलेले होते. मेलामाइन म्हणजे ज्यापासून न फुटणाऱ्या ताटल्या बनतात ते रसायन. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. केल्डालची चाचणी नायट्रोजन मोजते, त्यास ६.२५ ने गुणते आणि उत्तरास प्रथिन म्हणते. हिशेब सरळ आहे. शंभर ग्रॅम पिठात एक ग्रॅम मेलामाइन टाकले की कागदावर चार ग्रॅमहून अधिक ‘प्रथिन’ वाढते. १८८३ ची पद्धत शोधणाऱ्याने कुणी असे करील याची कल्पना केली नव्हती. भेसळ करणाऱ्याने ती पद्धत नीट समजून घेतली होती.

मेलामाइन एकटे तसे फार विषारी नाही. डेव्हिस येथील संशोधकांनी मांजरांवर केलेल्या अभ्यासात दिसले की मेलामाइन किंवा सायन्युरिक आम्ल वेगवेगळे दिल्यास मूत्रपिंडांचे काम बिघडत नाही. दोन्ही एकत्र दिल्यास त्यांचे स्फटिक मूत्रनलिकांत साचतात आणि मूत्रपिंड बंद पडते. पुढच्याच वर्षी हीच युक्ती चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत केल्याचे उघड झाले. सहा अर्भके दगावली, सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर बंदी घातली आणि ती पुढे वेळोवेळी वाढवली. मांजरांच्या मृत्यूंनी दिलेला इशारा माणसांच्या अन्नाच्या बाबतीत वेळीच ऐकला गेला नव्हता.

दोष उणिवेचा असतो, भेसळीचा असतो, तसा कच्च्या मालाचाही असतो. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू एकाच वेळी झपाट्याने घटू लागले. रॉयल व्हेटरनरी कॉलेजकडे पाचशेहून अधिक मांजरांची नोंद झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक दगावली. जून महिन्यात काही कोरडी खाद्ये परत मागवण्यात आली. त्यांच्या काही नमुन्यांत धान्यावरील बुरशीतून येणारी टी-२ आणि एचटी-२ ही विषे आढळली. तरी सरकारी तपासात निर्णायक कारण सिद्ध झाले नाही. या खाद्यांच्या चौकटीत प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा हे सारे जागच्या जागी असूच शकत होते, कारण बुरशीच्या विषासाठी त्यात रकाना नाही.

या पार्श्वभूमीवर पाकीट वाचायचे कसे? पहिली पायरी ओलावा वजा करण्याची. समजा, कोरड्या खाद्यावर प्रथिने ३२ टक्के आणि ओलावा १० टक्के लिहिला आहे. शुष्कांशात ती सुमारे ३५.६ टक्के होतात. डब्यावर प्रथिने १० टक्के आणि ओलावा ८० टक्के असेल तर शुष्कांशात ती ५० टक्के भरतात. दुकानात बत्तीस आणि दहा असे दिसलेले अंतर उलटे होते. दुसरी पायरी चौकटीत न लिहिलेला आकडा काढण्याची. त्याच कोरड्या खाद्यात स्निग्धांश १२, तंतू ३ आणि राख ८ टक्के धरली, तर शंभरातून सर्व वजा जाता ३५ टक्के पिष्टमय पदार्थ उरतात. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांना ग्रॅममागे ३.५ किलोकॅलरी आणि स्निग्धांशाला ८.५ धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने शंभर ग्रॅमला सुमारे ३३६ किलोकॅलरी मिळतात आणि त्यांतील प्रथिनांचा वाटा एक तृतीयांश असतो. राख छापलेली नसेल तर हा हिशेब अंदाजावर राहतो.

तिसरी पायरी चौकटीबाहेरची आहे. पिसांत ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रथिन असते, पण प्रक्रिया न केलेले ते केराटिन मांजराला पचत नाही. केल्डालच्या नळीत मात्र पीस आणि कोंबडीचे मांस दोन्ही उत्तम प्रथिन ठरतात. म्हणून घटकांची यादी, पचनक्षमतेची माहिती, खाऊ घालून चाचणी केली की केवळ तक्त्याशी जुळवले, आणि ते खाद्य प्रौढ मांजरासाठी आहे की वाढत्या पिलासाठी, या गोष्टी आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. यांपैकी पचनक्षमतेचे आकडे पाकिटावर जवळजवळ कधीच नसतात. ते उत्पादकाकडे मागावे लागतात.

भारतात या मागणीला विशेष अर्थ आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्नाची व्याख्या माणसाच्या सेवनापुरती आहे. पशुखाद्य त्यातून वगळलेले आहे. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक आहे, आणि आयात पाकिटांवर ‘आफको’च्या किंवा युरोपातील निकषांचा उल्लेख असतो. ते निकष ज्या चाचण्यांवर उभे आहेत, त्या तिकडच्या कच्च्या मालावर, तिकडच्या साठवणुकीत झालेल्या आहेत. दमट किनारपट्टीवरील गोदामात, उघड्या पोत्यातून सुटे विकले जाणारे दाणे महिनाभराने तेच राहतात का, स्निग्धांश खवट होतो का, बुरशी धरते का, हे तपासण्याजोगे प्रश्न आहेत. पशुवैद्यक आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे प्रयोगशाळेत हाताळता येतील असे विषय पडून आहेत, आणि त्यांची उत्तरे मांजरांपुरती मर्यादित राहणार नाहीत.

आज मांजराच्या बहुतेक कोरड्या खाद्यांच्या घटकयादीत शेवटी शेवटी, जीवनसत्त्वे आणि क्षारांच्या गर्दीत, टॉरिन हा शब्द सापडतो. मोठ्या अक्षरांत छापलेल्या प्रथिनांच्या टक्केवारीपुढे तो नजरेत भरत नाही. १९७५ पूर्वी तो कोणी शोधलाही नसता, आणि १९८७ पूर्वी त्याचे पुरेसे प्रमाण कोणाला ठाऊक नव्हते.